चेस इंजिनची नवी आवृत्ती जुनीपेक्षा खरंच स्ट्राँग झाली हे किती गेमनंतर म्हणायचं?

ई४चं_प्यादं, नांदेड

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलोय, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, लई दिवसापासून डोक्यात हेच चालू आहे.

मी मूळ परभणीचा, शिकायला नांदेडला रूम करून राहतो, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. गेल्या दिवाळीपासून सी प्लस प्लसमध्ये स्वतःचं चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहायलोय. फार काही नाही त्यात, अल्फा-बीटा आहे (नको त्या फांद्या सोडत चाली शोधायची रीत), हॅश टेबल आहे (बघितलेल्या पोझिशन लक्षात ठेवायला), प्याद्याला १००, घोड्याला ३२०, उंटाला ३३० असं साधं मोजमाप आहे आणि घोडा कुठल्या घरात चांगला कुठं वाईट याचे तक्ते आहेत. मला स्वतःला ते आरामात हरवतं, रूममधल्या सगळ्यांना हरवतं. आता मागच्या आठवड्यात मी त्यात नल मूव्ह टाकली, म्हणजे आपली चाल समोरच्याला फुकट देऊन बघायची आणि तरीही आपली बाजू चांगलीच राहत असेल तर ती फांदी तिथंच तोडायची. तेवढ्याच वेळात आता दोन पायऱ्या खोल जायलंय, डोळ्यांनी दिसायलंय.

मग जुनी ०.४ आणि नवी ०.५ यांची मॅच लावली, २० गेम, प्रत्येकी ५ मिनिटं. नवी ६ जिंकली, ३ हरली, ११ ड्रॉ. म्हणजे ११.५–८.५. आकडे कॅल्क्युलेटरमध्ये टाकले तर अधिक ५२ एलो आलं (एलो म्हणजे ताकदीचं रेटिंग). त्या रात्री मी घरी फोन करून सांगितलं, वडिलांना एलो काय ते माहीत नाही पण तेही खूश झाले. दुसऱ्या दिवशी म्हणलं अजून २० लावू, पक्कं होईल. तर ४ जिंकले, ६ हरले, १० ड्रॉ. ९–११. तेच कोड, तोच लॅपटॉप, एक ओळ बदललेली नाही.

आता कुठला निकाल खरा धरायचा हेच कळंना. दोन्ही मिळवले तर २०.५–१९.५ होतंय, म्हणजे आठ महिन्यातली सगळ्यात मोठी सुधारणा केली तिचा फायदा एक गेम? आणि मोठ्या लिस्टमध्ये स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनला ३६०० च्या आसपास रेटिंग दिसतं ते कसं काढतात, माझ्या इंजिनचं रेटिंग काढायचं तर कुठून सुरुवात करायची?

सेटअप सांगतो, ४ कोरचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, एकावेळी ४ गेम चालू ठेवतो. रूम वरच्या मजल्यावर पत्र्याची आहे आणि दुसऱ्या दिवशीची मॅच दुपारी लावली होती, मधी लाईट पण गेली होती पाऊण तास, लॅपटॉप बॅटरीवर चालला. याचा काही संबंध असेल का ते पण सांगा.

उदगीरचा_हत्ती

बाळा आधी तुझं मनापासून अभिनंदन. मी शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी पोरांना बुद्धिबळ शिकवतो, पटावर मला थोडं कळतं पण तुझ्या कोडिंगमधलं काही कळत नाही, त्यामुळं मी पटावरच्या माणसाचं मत सांगतो. २० गेम काही कमी नाहीत. १९९७ साली न्यूयॉर्कला कास्पारोव्ह आणि डीप ब्लूची मॅच झाली ती फक्त ६ गेमची होती, साडेतीन विरुद्ध अडीच, त्यात मशीननं २ जिंकले, १ हरला आणि ३ ड्रॉ झाले, आणि तेवढ्यावर सगळ्या जगानं मान्य केलं की मशीन जिंकलं. आमच्या स्पर्धा ७ किंवा ९ फेऱ्यांच्या असतात, त्यातून नंबर निघतोच की. उलट मी म्हणेन गेम कमी कर पण एकेक गेमला तास तास दे, घाईत खेळवून खरी ताकद कळत नाही. आणि ते गेम स्वतः बसून बघ, कुठं हरला ते डोळ्यांनी दिसेल.

काटेकोर, जालना

सरांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, गेम बघायलाच पाहिजेत. पण २० गेम पुरतात हे मात्र नाही पटत सर, आणि हे आदरानंच लिहायलोय कारण मी स्वतः दोन वर्षं याच चुकीत घालवलीत.

मॅच कोण जिंकलं आणि कोण जास्त ताकदवान आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९९७ ची मॅच डीप ब्लू जिंकला, यात वाद नाही. पण २ विजय आणि १ पराभव यावरून ताकद मोजायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. माणसांकडून आपण हजार गेम खेळून घेऊ शकत नाही म्हणून ९ फेऱ्यांवर भागवतो. इंजिनकडून घेता येतात, मग का नाही घ्यायचे.

प्यादं, तुझा पहिला निकाल घे. ड्रॉ बाजूला ठेव. उरले ९ निकाली गेम, ६–३. आता एक रुपयाचं नाणं घे आणि ९ वेळा उडव. दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत, तरी ५–४ असा जवळचा निकाल निम्म्याहून किंचित कमी वेळा येतो, बाकीच्या वेळी ६–३ किंवा त्याहून मोठा फरक पडतो, कधी छाप्याच्या बाजूनं कधी काट्याच्या. हिशोब करून बघ, ५१२ पैकी २६० वेळा. म्हणजे दोन हुबेहूब सारखी इंजिनं जरी तू खेळवली असतीस तरी निम्म्या वेळा कुणीतरी एक ६–३ नं पुढं दिसलंच असतं. यावर घरी फोन नव्हता करायचा, पण करणार नाही असा माणूस नसतो.

तुझ्या कॅल्क्युलेटरनं अधिक ५२ सांगितलं पण त्याच्या शेजारची पट्टी तू बघितली नाहीस. त्या २० गेमवरून ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की खरा फरक उणे ४८ पासून अधिक १६२ पर्यंत कुठंही असेल. दुसऱ्या दिवशीचा ९–११ हा निकाल त्या पट्टीत आरामात बसतो. त्यामुळं कुठला खरा हा प्रश्नच येत नाही, दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही काहीच सांगत नाहीत.

अंदाजासाठी लक्षात ठेव, निम्मे गेम ड्रॉ होत असतील तर १०० गेमवर साधारण अधिक-उणे ५० एलोची पट्टी राहते, १००० वर १५ च्या आसपास, १०,००० वर ५. गेम दहापट केले की पट्टी तिपटीनंच आवळते, हे लई महाग पडतं पण त्याला इलाज नाही. स्टॉकफिशवाले एकेका बदलातून एक-दोन एलो मिळवतात, तेवढा फरक पकडायला पन्नास हजाराच्या वर गेम लागतात, म्हणून तर २०१३ ला गॅरी लिन्स्कॉटनं फिशटेस्ट सुरू केलं, जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर त्याला देतात आणि रात्रंदिवस गेम चालू असतात. आणि सर, ते सुरुवातीची चाचणी कितीच्या गेमवर घेतात माहितीय? प्रत्येकी १० सेकंद आणि दर चालीला ०.१ सेकंद. त्यात पास झालं की मग ६० सेकंद अधिक ०.६ वर परत तपासतात. एकेका गेमचा दर्जा कमी असतो हे खरं पण दोघांचाही तेवढाच कमी असतो, आणि तासाभराच्या एका गेमच्या वेळात शंभराच्या वर गेम होतात.

आता मुख्य गोष्ट. आमची जालन्याच्या मोंढ्यात आडत होती, मी लहानपणी काट्यावर बसायचो. आजोबा माल टाकायच्या आधी रिकामी पारडी उचलून बघायचे, पासंग किती आहे ते. आणि वजनावर वाद झाला की डाव्या पारड्यातला माल उजव्यात टाकून परत तोलायचे. तुला या दोन्ही गोष्टी करायच्या आहेत. आधी ०.४ विरुद्ध ०.४ असे चारशे-पाचशे गेम लाव. तिथं बरोबरीच्या आसपासच निकाल आला पाहिजे. नाही आला तर तुझ्या काट्यात दोष आहे, ०.५ वर काही बोलायचं कारणच नाही. आणि दुसरं, प्रत्येक ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) दोनदा खेळव, एकदा नवीला पांढरी एकदा काळी. ओपनिंग एका बाजूला झुकलेली असली तरी तो झुकाव दोघांना सारखा वाटला जातो. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या सुपरफायनलमध्ये १०० गेम असतात ते असेच, प्रत्येक ओपनिंग दोघंही दोन्ही बाजूंनी खेळतात.

तू ओपनिंग कुठल्या लावल्या होत्यास ते लिहिलंच नाहीस.

ई४चं_प्यादं, नांदेड

दादा ओपनिंग काहीच नाही लावल्या. दोघंही पहिल्या चालीपासून स्वतःच्या डोक्यानं खेळले. म्हणलं बुक (ओपनिंगची फाईल) लावलं तर त्यांची खरी ताकद कशी कळणार.

तिसरी_रांग, लातूर

मग आधी एक काम कर, दुसरं काही करू नकोस. मॅचची पीजीएन फाईल (सगळ्या गेमच्या चाली लिहिलेली) उघड आणि २० च्या २० गेमच्या पहिल्या पंधरा चाली एकाखाली एक वाच. नंतर बोलू.

ई४चं_प्यादं, नांदेड

ताई आत्ता बघितलं. पहिल्या दिवशीच्या २० मधले गेम नंबर ३, ७, ११ आणि १५ शेवटच्या चालीपर्यंत एकच आहेत. अगदी मात होईपर्यंत. आणि ४ आणि १२ पण एकमेकांसारखेच. ३ नंबरचा गेम नवी जिंकली होती म्हणजे माझ्या ६ विजयातले ४ म्हणजे एकच गेम चार वेळा मोजलेला. मला रडायला यायलंय खरंच. आणि दुसऱ्या दिवशीच्या फाईलमध्ये नवीचे जे ६ पराभव आहेत त्यातल्या दोनच्या शेवटी वेळ संपली म्हणून हरली असं लिहिलंय, त्यातल्या एकात तर ती एक हत्ती वर होती.

तिसरी_रांग, लातूर

रडू नकोस, हे सगळ्यांचं होतं. आणि हे सापडलं ही चांगली गोष्ट आहे, कारण आता तुझा प्रश्न सुटायला लागला.

इंजिन ठरावीक हिशोबानं चालतं, एका थ्रेडवर, म्हणजे एकच कोर वापरून, तीच पोझिशन आणि तेवढाच वेळ दिला की बहुतेक तीच चाल येते. वेळेत थोडा इकडंतिकडं फरक पडतो म्हणून काही गेम वेगळे झाले, नाहीतर सगळे दोनच गेम दहा-दहा वेळा दिसले असते. त्यामुळं ओपनिंगची फाईल लावणं म्हणजे इंजिनला मदत करणं नाही, त्याला वेगवेगळ्या रानात सोडणं आहे. साधारण सहा-आठ चालींपर्यंतच्या, दोन्ही बाजूंना जवळपास समान अशा हजारभर सुरुवाती एका फाईलमध्ये मिळतात, तेवढं तुला पुरे. वरची इंजिनं एकमेकांशी फार ड्रॉ करतात म्हणून त्यांच्या चाचणीत मुद्दाम झुकलेल्या ओपनिंग वापरतात, तुझं इंजिन अजून त्या गावाला पोचलेलं नाही, समान सुरुवातीच घे.

आता वेळेचं. ४ कोरवर एकावेळी ४ गेम लावलेस तर विंडोजला, ब्राउझरला, मॅच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला बसायला जागाच उरत नाही. मधीच एखाद्या इंजिनला अर्धा सेकंद कोरच मिळत नाही आणि त्याचं घड्याळ मात्र पळत राहतं. २ गेम लाव, फार तर ३. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी प्रोसेसर तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो, बॅटरीवर गेला की आणखी कमी करतो. सेकंदाला किती पोझिशन बघतंय तो आकडा रात्रीचा आणि दुपारचा लिहून ठेव, तुला स्वतःलाच दिसेल. दोघांनाही सारखीच झळ बसते असं वाटतं पण तसं नसतं, जी आवृत्ती घड्याळ कमी वेळा बघते ती आधी मरते. तुझ्या ०.५ मध्ये किती पोझिशननंतर घड्याळ तपासतोस ते बघ, आणि टाइम कंट्रोलमध्ये दर चालीला थोडा वाढीव वेळ ठेवच. ५ मिनिटं सपाट दिलीस की शेवटी दोघंही सेकंदावर येतात आणि मग बुद्धिबळ मोजलं जात नाही.

हॅश दोघांना सारखा दे. दोन्ही आवृत्त्या त्याच कंपायलरनं, त्याच ऑप्टिमायझेशननं बनव. मी एकदा चुकून एक डीबग बिल्ड (चुका शोधायचा, संथ) आणि एक रिलीज बिल्ड (वेगवान) खेळवले होते आणि तीन दिवस नव्या इव्हॅल्यूएशनच्या प्रेमात होते.

आणि आता नल मूव्हबद्दल, कारण मला तिथं खरा दोष असेल अशी शंका आहे. पटावर मांड: पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर, बाकी पट रिकामा. काळ्याची चाल असेल तर काळा हरतो, त्याला बाजूला सरकावं लागतं आणि पांढरा राजा पुढं घुसतो. पांढऱ्याची चाल असेल तर ड्रॉ, कारण प्याद्यापुढं त्याचाच राजा उभा आहे, मोकळी चाल त्याच्याकडं नाही. आता तुझं इंजिन काळ्याकडून विचार करताना काय म्हणतं? म्हणतं की मी चाल फुकट दिली तरी ड्रॉ राहतंय, मग खरी चाल केल्यावर त्याहून चांगलंच होणार, तोडा फांदी. आणि इथं नेमकी फुकट देता येत नाही हाच तर पेच आहे. हरलेला डाव त्याला ड्रॉ दिसतो. ज्याची चाल आहे त्याच्याकडं राजा आणि प्यादी एवढंच उरलं असेल तर नल मूव्ह बंद ठेव, एका ओळीची अट आहे. तुझ्या उरलेल्या पराभवात प्याद्यांचे एंडगेम किती आहेत ते मोज.

उदगीरचा_हत्ती

ताई, ते ई५-ई४-ई७ मी पाचवीच्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो, समोरासमोर राजे आणि ज्याची चाल त्याची अडचण. मशीनला तेच जड जातं हे वाचून आज मोठा आनंद झाला, उद्या वर्गात सांगणार.

नाण्याचा हिशोब पण मी करून बघितला काटेकोर, २५२ वेळा ५–४ येतं, बाकी २६० बरोबर. माझं मत मी बदललं. आता माझा एक प्रश्न याच धाग्यात विचारतो. पोरं मोबाईलवर बघून येतात की स्टॉकफिश ३६०० आणि कार्लसन २८००, मग विचारतात सर म्हणजे ८०० नं पुढं का. मला नीट उत्तर देता येत नाही. आणि पोरांना सरावाला इंजिन द्यायचं तर किती ताकदीवर लावायचं, १२०० वर लावलं तरी ते कधी वेड्यासारखं घोडा फुकट देतं आणि पुढच्या दहा चाली ग्रँडमास्टरसारख्या करतं.

काटेकोर, जालना

सर, एलोचा आकडा म्हणजे उंची नाही, तो फक्त फरक सांगतो, आणि तोही एकाच घोळक्यातला. १०० नं पुढं असलेल्यानं साधारण ६४ टक्के गुण घ्यावेत, २०० नं पुढं असलेल्यानं ७६ टक्के, बस एवढंच ते गणित बोलतं. आर्पाड एलोनं ते माणसांसाठी मांडलं आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, १९७० ला घेतलं. फिडेच्या घोळक्यात माणसं माणसांशी खेळतात, सीसीआरएल या इंजिनांच्या रेटिंग यादीच्या घोळक्यात इंजिनं इंजिनांशी, दोन्हीत एकमेकांशी गेम जवळपास होतच नाहीत. दोन तालुक्यांच्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखं आहे, इथला शेवटच्या कुस्तीचा पैलवान आणि तिथला यांची लढत लागल्याशिवाय नारळाच्या कुस्तीपासून मोजत आलेले आकडे जुळवता येत नाहीत. इंजिन माणसापेक्षा फार फार पुढं आहे हे नक्की, पण बरोबर ८०० हे म्हणता येत नाही.

याचं जुनं उदाहरण स्वीडनच्या एसएसडीएफ लिस्टचं. त्यांनी १९८० च्या दशकात, मेफिस्टोसारखी डब्यातली चेस कॉम्प्युटर होती तेव्हापासून, यादी ठेवायला घेतली आणि स्वीडिश खेळाडूंशी गेम लावून पातळी ठरवली. पुढं मशीन मशीनशीच खेळत राहिली, आकडे वर गेले, आणि २००० साली त्यांनी सगळी यादीच १०० नं खाली ओढली. कुणाचाही खेळ त्या दिवशी बिघडला नव्हता.

सीसीआरएलमध्ये सुद्धा लांब गेमची यादी वेगळी, ब्लिट्झची वेगळी, एक थ्रेडवालं नाव वेगळं, चार थ्रेडवालं वेगळं, त्याच इंजिनचे आकडे जागोजागी बदलतात. प्रत्येक नावापुढं अधिक-उणेचा रकाना असतो तो आधी वाचायचा. दोन नावांच्या पट्ट्या एकमेकीवर चढत असतील तर वरखाली लिहिलेला क्रम धरून भांडायचं नाही.

आणि अटी कशा ठेवल्या त्यावर निकाल किती हलतो याचं मोठं भांडण गूगलच्या डीपमाइंडच्या अल्फाझीरो या इंजिनवरून झालं. डिसेंबर २०१७ ला आकडा आला, स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० गेम, २८ विजय, ७२ ड्रॉ, एकही हार नाही. लोक म्हणाले स्टॉकफिशला ६४ थ्रेड देऊन हॅश फक्त १ जीबी दिला, दर चालीला सपाट एक मिनिट दिलं त्यामुळं कुठं जास्त विचार करायचा हे त्याचं कौशल्यच काढून घेतलं, आणि समोरचा खास चिपवर चालतोय. एका वर्षानं त्यांनी १००० गेमचा निकाल छापला, ३ तास अधिक दर चालीला १५ सेकंद, १५५ विजय, ६ पराभव. अल्फाझीरो पुढंच होता, पण ६ पराभव दिसले, आणि मला विचाराल तर दुसऱ्या निकालाला जास्त वजन आहे. हार्डवेअर सारखं कसं मानायचं हा प्रश्न मात्र तिथंही राहिला, ग्राफिक्स कार्डवर चालणारं लीला आणि प्रोसेसरवर चालणारं स्टॉकफिश यांच्यात आजही तोच आहे.

पोरांसाठी: स्टॉकफिशमध्ये एलो मर्यादा लावायची सोय आहे पण ती १३२० पासून सुरू होते, आणि ती मुद्दाम चुका घालून खाली येते म्हणून तुम्ही म्हणता तसं घोडा फुकट देणं होतं. त्यापेक्षा माइआ बघा, लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साईटवरच्या माणसांच्या गेमवर शिकवलेलं इंजिन आहे, ११०० पासून १९०० पर्यंतचे वेगवेगळे संच आहेत, ते त्या पातळीचा माणूस जी चूक करेल ती करतं. पोरांना त्या चुका ओळखीच्या वाटतात.

प्यादं, तुझ्या रेटिंगचं राहिलं. ०.५ विरुद्ध ०.४ मधून रेटिंग निघत नाही, फक्त फरक निघतो, आणि स्वतःशीच खेळून आलेला फरक बहुतेक वेळा फुगलेला असतो. सीसीआरएलच्या यादीत तुझ्या आसपासची पाच-सहा वेगवेगळ्या लोकांची इंजिनं घे, प्रत्येकाशी दोन-तीनशे गेम लाव, त्यांचे आकडे पक्के धरून तुझा काढ. आणि आवृत्त्यांच्या तुलनेला एसपीआरटी वापर. युद्धाच्या काळात अमेरिकेत दारूगोळ्याची तपासणी लवकर संपावी म्हणून अब्राहम वाल्डनं ही रीत काढली, किती नग तपासायचे ते आधी ठरवायचं नाही, प्रत्येक नगानंतर हिशोब बघायचा आणि पुरेसा पुरावा झाला की थांबायचं. खालची मर्यादा ० एलो, वरची १० ठेव, दोन्हीकडची चूक ५ टक्के धर, पुराव्याच्या हिशोबाचा आकडा २.९४ च्या वर गेला तर बदल घे, उणे २.९४ च्या खाली गेला तर टाक. मधी मधी निकाल बघून स्वतःला बरा वाटेल तिथं मॅच बंद करायची नाही, ही सगळ्यात वाईट सवय.

ई४चं_प्यादं, नांदेड

चार दिवसांनी लिहायलोय, माफ करा, सांगितलं तसं सगळं करत बसलो.

लॅपटॉप खाली घरमालकांच्या ओसरीत ठेवला, त्यांनी रात्रभर ठेवू दिला, खाली विटा लावून वर उचलला. रात्री सेकंदाला ९ लाख पोझिशन बघतो, वरच्या खोलीत दुपारी ५ लाखावर आला होता, बॅटरीवर ३ लाख. मी हे कधी मोजलंच नव्हतं.

आधी ०.४ विरुद्ध ०.४, ४०० गेम, ओपनिंग जोडीनं: ११८ विजय, ११२ पराभव, १७० ड्रॉ. २०३–१९७. काटा ठीक आहे. घड्याळ मी दर ६५,५३६ पोझिशननंतर तपासत होतो, ते २,०४८ केलं, एकही गेम वेळेवर हरला नाही.

मग ताईंची अट घालून ०.५ परत बनवली. तो ई५-ई४-ई७ डाव आधी दिला होता तेव्हा काळ्याच्या चालीवर ड्रॉ दाखवत होती, आता हरलेला दाखवते. १० सेकंद अधिक ०.१ वर, एकावेळी २ गेम, रात्री ११ ला १००० गेम लावले, उठून बघत बसायचं नाही म्हणून मोबाईल पण लांब ठेवला. पहाटे साडेतीनच्या आत संपलं होतं. ३३१ विजय, २६७ पराभव, ४०२ ड्रॉ. ५३२–४६८. अधिक २२, पट्टी अधिक-उणे १७. पट्टीचं खालचं टोक शून्याच्या वर आहे. पहिल्या रात्रीच्या ५२ पेक्षा हे कितीतरी कमी आहे पण हे मी कुणालाही दाखवू शकतो. पीजीएन पण तपासली, एकही गेम दुसऱ्यासारखा नाही.

काटेकोर दादा, हा ठरवून १००० चा होता, आता पुढच्या बदलापासून एसपीआरटीनंच करणार. माझी शंका एवढीच की नल मूव्ह आणि ती अट दोन्ही मी एकदम घातल्या, त्यामुळं २२ मधलं कुणाचं किती ते कळत नाही. अटीशिवायची ०.५ आणि अटीसकटची अशी वेगळी मॅच लावू का?

तिसरी_रांग, लातूर

लाव. एका वेळी एकच बदल, आणि हा बदल छोटा आहे, एंडगेमपर्यंत पोचलेल्या गेममध्येच दिसेल, त्यामुळं १००० मध्ये काही कळणार नाही, चार-पाच रात्री जातील याची तयारी ठेव. वरची मर्यादा १० ऐवजी ५ कर. आणि त्याच काळात कोडमध्ये दुसरं काही करायचं असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये कर, चालू मॅचची फाईल चुकून परत कंपाईल करू नकोस.

ई४चं_प्यादं, नांदेड

लावली ताई. उद्या आमच्या भागात मेंटेनन्सला दिवसभर लाईट नसते, म्हणून सकाळी सहाला थांबवून गेम जिथंपर्यंत झाले तिथून रात्री परत चालू करणार, मधल्या आकड्याकडं न बघता. सर, घरमालकांचा नातू सातवीत आहे, तो रोज ओसरीत येऊन स्क्रीनसमोर बसायलाय, त्याला ई५-ई४-ई७ मीच शिकवलं.